एक रडार आणि तिघांच्या मागण्या: स्कॅनचं वेळापत्रक कसं बिघडलं आणि कसं परत बसवलं

पार्श्वभूमी

रडार कुठलं, कोणाचं हे सांगत नाही. पश्चिम किनाऱ्यालगतचं एक सी-बँड डॉपलर (पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही मोजणारं) हवामान रडार आहे एवढं पुरे. ड्युअल पोलरायझेशनवालं (आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरींनी बघणारं), मॅग्नेट्रॉनवर, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या नळीवर चालणारं, फ्रिक्वेन्सी साधारण ५.६ गिगाहर्ट्झ म्हणजे तरंगलांबी ५.३५ सेंटीमीटर. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला सह्याद्री. स्कॅनची आखणी तपासायला मला बोलावलं होतं, म्हणून हे सगळं जवळून बघता आलं.

सुरुवातीला सगळं सोपं होतं. अँटेना एका उंचीकोनावर पूर्ण चक्कर मारायचा, मग पुढचा कोन, असे दहाएक कोन झाले की एक सायकल पूर्ण, दहा मिनिटांत. मग मागण्या वाढत गेल्या आणि त्यातली एकही मागणी चुकीची नव्हती हे मला आधीच सांगायचंय. फोरकास्टरना वादळ लांबून दिसावं म्हणून ५०० किमीचा सर्व्हेलन्स स्कॅन हवा होता. शहराच्या आपत्ती कक्षाला पाऊस आत्ता कुठे पडतोय ते दर दोन-तीन मिनिटांनी हवं होतं, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला तेव्हा मुंबईत डॉपलर रडारच नव्हतं हे ज्यांना आठवतं ते या मागणीला नाही म्हणूच शकत नाहीत. तिसरा गट अभ्यासकांचा. घाटावर ढग कसे चढतात ते बघायला त्यांना आरएचआय हवे होते, म्हणजे अँटेना एका दिशेला रोखून खालून वर नेत ढगाचा उभा काप घ्यायचा.

प्रत्येक मागणी आली की एक टास्क जोडला जायचा, जुनं मात्र काहीच निघायचं नाही.

अडचण

अडचण समजायला थोडं गणित लागतं, पण ते अवघड नाही. रडार सेकंदाला किती पल्स, म्हणजे रेडिओ लहरींचे झटके, सोडतं त्याला पीआरएफ म्हणतात. पीआरएफ कमी ठेवला तर लांबचं दिसतं पण वाऱ्याचा वेग मोजायची मर्यादा खाली येते, जास्त ठेवला तर उलट. ३०० हर्ट्झला ५०० किमीपर्यंत दिसतं पण वेग फक्त ४ मीटर प्रति सेकंदापर्यंत सरळ वाचता येतो, त्यापुढचा वेग गुंडाळून उलट्या दिशेचा दिसायला लागतो. ६०० हर्ट्झला २५० किमी आणि ८ मीटर. १२०० हर्ट्झला १२५ किमी आणि १६ मीटर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वारे ताशी ११० किमीच्या घरात होते, म्हणजे सेकंदाला ३० मीटर, त्यामुळे १६ सुद्धा पुरत नाही. दोन्ही टोकं एकाच स्कॅनमध्ये मिळत नाहीत, सी-बँडवर तर नाहीच, कारण तरंगलांबी कमी असली की ही ओढाताण वाढते.

दुसरी ओढाताण वेळेची. पावसाचा सिग्नल सतत थरथरत असतो, एका पल्सवर काही ठरवता येत नाही, दर अंशाला बऱ्याच पल्सची सरासरी घ्यावी लागते. ६०० हर्ट्झवर दर अंशाला ४८ पल्स घेतल्या तर एका चकरेला २८.८ सेकंद लागतात. हे कमी करायचं तर अँटेना पळवा, पण मग सॅम्पल, म्हणजे दर अंशाला मिळणाऱ्या पल्स, कमी होतात.

इथे नेमकं तेच झालं. टास्क जोडत जोडत सायकल चौदा मिनिटांपर्यंत गेली. पुढे जे सॉफ्टवेअर दर दहा मिनिटांनी डेटा उचलायचं त्याला कधी जुनाच डेटा मिळायचा, कधी काहीच नाही. तक्रार आल्यावर कोणीतरी अँटेनाचा वेग वाढवून ४८ सॅम्पलचे २४ केले, सायकल परत दहा मिनिटांवर आली आणि सगळ्यांना वाटलं प्रश्न सुटला. पावसाचा जोर दाखवणाऱ्या परावर्तनाच्या चित्रात फरक जवळपास दिसतच नव्हता हो, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही, पण सॅम्पल निम्मे झाले की चूक साधारण १.४ पट होते आणि ड्युअल पोलरायझेशनची जी नाजूक मापं असतात, झेडडीआर (आडव्या आणि उभ्या लहरींच्या परत येणाऱ्या सिग्नलमधला फरक, ज्यावरून थेंबाचा आकार कळतो) वगैरे, ज्यात ०.२ डेसिबलच्या आत राहावं लागतं, ती इतकी खरखरीत झाली की पावसाचा अंदाज काढायला वापरताच येईनात. बिघाड दिसला नाही म्हणजे तो नव्हता असं होत नाही, आणि रडारच्या बाबतीत हे फार वेळा होतं.

ज्या रात्री हे उघडं पडलं

जुलैमधली रात्र. समुद्रावरून पावसाचा एक पट्टा किनाऱ्याकडे सरकत होता. अभ्यासकांचा फोन आला की घाटाच्या दिशेला ढग चांगला वाढलाय, आरएचआय मिळतील का. ड्युटीवरचा ऑपरेटर तरुण आणि कामाला तत्पर, त्याने शिफ्टच्या मॅडमना विचारलं, "मॅडम, दोनच आरएचआय मारतो, लगेच परत येतो," मॅडम हो म्हणाल्या. त्याने मुख्य सायकल हाताने थांबवली. दोनाचे पाच झाले कारण पहिल्या दोनांत दिशा थोडी चुकली होती, मग सायकल परत चालू केल्यावर ट्रान्समीटर लांब पल्सवर जायला वेळ घेऊन बसला. मिळून वीसेक मिनिटं खालच्या कोनाचा एकही स्कॅन नाही. तेवढ्यात पट्टा किनारा ओलांडून आत आला आणि आपत्ती कक्षाच्या पडद्यावर तो अजून समुद्रातच होता.

त्या रात्री कोणाला इजा झाली नाही. पण सखल भागातल्या लोकांना जो निरोप आधी जायला हवा होता तो पाणी चढायला लागल्यावर गेला, आणि ही गोष्ट मला आजही क्षुल्लक वाटत नाही. ऑपरेटरला दोष देण्यात अर्थ नव्हता. त्याच्यासमोर तीन मालक होते आणि कोणाचं काम थांबवलं तर चालेल हे कुठेही लिहिलेलं नव्हतं.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, मधला मार्ग: सगळ्यासाठी एकच पीआरएफ, ८०० च्या आसपास. सोपा, पण सगळंच अर्धवट. लांबचं नीट नाही, वेग नीट नाही. बैठकीत हाच सगळ्यात जास्त आवडला होता कारण त्यात कोणालाच नाही म्हणावं लागत नव्हतं. माझ्या मते तो सगळ्यात वाईट होता.

दुसरा, वेगवेगळे मोड ठेवायचे आणि ऑपरेटरने गरजेप्रमाणे बदलायचे. त्या रात्री काय झालं ते बघून हा लगेच बाद झाला.

तिसरा, जवळच्या शहरासाठी एक छोटं एक्स-बँड (आणखी कमी तरंगलांबीचं) रडार वेगळं घ्यायचं. तांत्रिकदृष्ट्या उत्तम, पण खरेदीला वर्षं जातात आणि पुढचा पावसाळा त्यासाठी थांबणार नव्हता. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने बीम फिरवणाऱ्या फेज्ड अ‍ॅरे रडारचं नावही कोणीतरी काढलं. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या नॉर्मनला नौदलाच्या रडारचा असा अँटेना हवामानासाठी वापरून प्रयोग झाले आहेत, त्यात बीम क्षणात कुठूनही कुठे नेता येतो, पण आपल्यासमोर डिश फिरवणारं यंत्र होतं, त्यावर चर्चा करून उपयोग नव्हता.

चौथा, एक पक्की सायकल जी कोणीही थांबवायची नाही, आणि तिच्या आतच राखून ठेवलेली थोडी मोकळी जागा, ज्याला जे जास्तीचं हवं ते त्या जागेत. अमेरिकेच्या नेक्सरॅड या देशभरातल्या हवामान रडारांमध्ये याच्या जवळचं बरंच काही आधीपासून आहे: खालच्या कोनांवर एक चक्कर पावसासाठी कमी पीआरएफने आणि दुसरी वाऱ्यासाठी जास्त पीआरएफने, वरच्या कोनांवर काही नसेल तर स्कॅन लवकर संपवणं, आणि २०१४ पासून सायकलच्या मध्येच सगळ्यात खालचा कोन परत एकदा बघणं. त्यांची एस-बँड (जास्त तरंगलांबीची) रडारं आहेत, आकडे तसेच्या तसे उचलता येत नाहीत, पण पद्धत उचलता येते. हाच पर्याय ठरला.

काय ठरवलं आणि कशावरून

सगळ्यात आधी आम्ही सेकंदांचा हिशोब मांडला. महिन्याचा पगार हातात आल्यावर घरात जसं भाडं, किराणा, फी आधी बाजूला काढून मग बाकीचं बघतात तसं. सायकल पाच मिनिटांची, म्हणजे ३०० सेकंद.

०.५ आणि १ अंशावर दोन-दोन चकरा. पावसाची चक्कर ६०० हर्ट्झ, ४८ सॅम्पल, २८.८ सेकंद. वाऱ्याची चक्कर १२०० आणि ९०० हर्ट्झ आलटून पालटून, ४० सॅम्पल, १४ सेकंद. असे दोन पीआरएफ ४:३ प्रमाणात वापरले की दोन्हींच्या फरकावरून खरा वेग काढता येतो आणि मर्यादा १६ वरून ४८ मीटर प्रति सेकंदावर जाते, वादळालाही पुरेल इतकी. २ अंशापासून १८ अंशांपर्यंतचे सात कोन फक्त या दुसऱ्या पद्धतीने, ९८ सेकंद. कोन बदलताना अँटेना स्थिर व्हायला दर वेळी तीनेक सेकंद धरले. सायकलच्या मध्यावर ०.५ अंशाची पावसाची चक्कर परत एकदा. सगळं मिळून २५० सेकंदांच्या आसपास, उरले ५०.

हे ५० सेकंद म्हणजे मागणीची जागा. त्यात दोन आरएचआय बसतात.

आता यात तीन ठिकाणी खरी वादावादी झाली ती सांगतो.

५०० किमीचा स्कॅन काढायचा की नाही. फोरकास्टर अजिबात तयार नव्हते, आणि ते समजण्यासारखं आहे, लांबचं दिसणं सोडायला कोणालाच नको वाटतं. मग पृथ्वीच्या गोलाईचा हिशोब समोर ठेवला. ०.५ अंशाचा बीम १०० किमीवर दीड किलोमीटर उंचीवर असतो, २०० किमीवर ४ किलोमीटरच्या वर, २५० ला जवळपास ६, आणि ५०० किमीवर तो १९ किलोमीटर उंच गेलेला असतो. तिथे सहसा ढगच नसतात. पावसाळ्यातल्या आपल्या किनाऱ्यावरच्या पावसाचे ढग तर बरेचदा ५-६ किलोमीटरच्या खालीच असतात. म्हणजे त्या स्कॅनच्या बाहेरच्या अर्ध्या भागात काही दिसत नव्हतं, आणि त्यासाठी वेगळी २ मायक्रोसेकंदाची पल्स आणि प्रत्येक वेळी ट्रान्समीटरची अदलाबदल लागत होती. तो काढला. लांबच्या वादळासाठी उपग्रह आहेत.

दुसरा वाद बर्डबाथचा. अँटेना सरळ वर ९० अंशाला करून फिरवायचा याला बर्डबाथ म्हणतात. खालून बघितलं की पावसाचा थेंब गोलच दिसतो, त्यामुळे झेडडीआर शून्य यायला हवा, जेवढा जास्त-कमी येईल तेवढी यंत्राची चूक. या स्कॅनने फोरकास्टरला काही मिळत नाही, शहराला काही मिळत नाही, म्हणून वेळ वाचवायला हाच काढा असं तिन्ही गटांचं एकमत होतं! मी आणि तिथल्या मेंटेनन्सच्या सीनिअर इंजिनिअरनी हट्ट धरून तो ठेवला, दर तासाला एकदा, मोकळ्या जागेत. बाकी सगळे मोड बरोबर चाललेत की नाही हे सांगणारा तो एकच स्कॅन आहे, तो गेला की आपण आंधळे.

तिसरा प्रश्न, वरच्या कोनांवर काहीच नसेल तर वाचलेल्या वेळाचं काय करायचं. सायकल लवकर संपवून पुढची सुरू करावी असं एक मत होतं. आम्ही तसं केलं नाही. पुढच्या सगळ्या सॉफ्टवेअरला घड्याळ ठरलेलं लागतं आणि कधी चार मिनिटं तर कधी पाच असं झालं की ढगाची चाल काढणारे प्रोग्रॅम गोंधळतात. म्हणून १३ आणि १८ अंश रिकामे असतील तर तो वेळ मागणीच्या जागेत जमा करायचा, सायकल मात्र पाच मिनिटांचीच.

प्रत्यक्षात आणताना

ट्रान्समीटरची एक मर्यादा होती ती कागदावर आधी धरली म्हणून बरं झालं. या मॅग्नेट्रॉनला ड्युटी, म्हणजे एकूण वेळातला पल्स सोडण्याचा वाटा, ०.१ टक्क्याच्या आत ठेवायची असते, म्हणून ६०० हर्ट्झला १.६ मायक्रोसेकंदाची पल्स आणि १२०० ला ०.८ ची, दोन्हीकडे ०.०९६ टक्के. पण पल्स अर्धी झाली की पावसासाठी रडारची संवेदनशीलता ६ डेसिबलने उतरते. रिमझिम पाऊस वाऱ्याच्या चकरेत लांबवर दिसत नाही तो यामुळे, आणि जिथे दोन्ही चकरा आहेत तिथे पावसाचं माप पावसाच्या चकरेतूनच घ्यायचं तेही यामुळेच.

चालू केल्यावर पहिल्याच आठवड्यात पावसाच्या बेरजेच्या नकाशावर एक कडं दिसायला लागलं, पावसाची चक्कर आणि वाऱ्याची चक्कर जिथे जोडल्या जातात बरोबर तिथे. आतल्या, वाऱ्याच्या चकरेच्या बाजूला पाऊस कमी, बाहेर जास्त. निसर्गात असा गोल कुठे नसतो. शोधलं तर छोट्या पल्सचं कॅलिब्रेशन कधी वेगळं केलेलंच नव्हतं, लांब पल्सचाच रडार स्थिरांक (सिग्नलवरून परावर्तन काढायचा गुणक) तिलाही लावलेला. रिसीव्हरचा फिल्टर वेगळा, त्यातला तोटा वेगळा, आणि फरक २ डेसिबलचा. ऐकायला किरकोळ, पण परावर्तनावरून पाऊस काढायच्या नेहमीच्या मार्शल-पामर सूत्रात, ज्यात घातांक १.६ आहे, २ डेसिबल म्हणजे पावसाच्या आकड्यात ३३ टक्के. सिग्नल जनरेटर लावून दोन्ही पल्सचं कॅलिब्रेशन वेगवेगळं केलं, सूर्याकडून येणाऱ्या सिग्नलवर रिसीव्हर तपासला, मग कडं गेलं. मोड बदलला की एका अर्थाने रडारच बदलतं, प्रत्येक मोडचं कॅलिब्रेशन स्वतंत्र हवं, हे मी तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी पहिल्या दिवशीच विचारतो.

१२५ किमीच्या पलीकडच्या पावसाचाही त्रास झाला, त्याचा सिग्नल पुढची पल्स सुटल्यावर परत येतो. १२०० हर्ट्झला १६० किमीवरचा ढग ३५ किमीवर आल्यासारखा दिसतो. मॅग्नेट्रॉनच्या प्रत्येक पल्सची फेज (लहर कोणत्या टप्प्यावर सुरू होते ते) वेगळी असल्याने अशा ढगाचा वेग नुसती खरखर (नॉइज) म्हणून येतो आणि सिग्नलची गुणवत्ता बघणाऱ्या फिल्टरने तो काढता येतो. वेग मोजताना ४:३ पद्धतीत कुठे कुठे एकटे चुकीचे ठिपके येतात, खास करून जिथे वारा थोड्या अंतरात खूप बदलतो तिथे, त्यावर शेजारच्या ठिपक्यांशी ताडून बघणारी दुरुस्ती लावली.

आणि एक कागद भिंतीवर लागला: मुख्य सायकल थांबवायचा अधिकार फक्त मेंटेनन्सला, तोही आपत्ती कक्षाला फोन करून. आरएचआयची मागणी फॉर्ममधून, रांगेत.

निकाल

त्या पावसाळ्याच्या उरलेल्या काळात सायकल पाच मिनिटांवर टिकली. खालचा कोन अडीच मिनिटांच्या आसपास परत परत मिळत गेला, आपत्ती कक्षाची मुख्य तक्रार संपली. ड्युअल पोलरायझेशनची मापं परत वापरण्यासारखी झाली. अभ्यासकांना आधी चिडचिड झाली, रांग कशाला म्हणून, पण दर पाच मिनिटांनी ठरलेल्या वेळी दोन काप मिळायला लागल्यावर त्यांना ढगाची वाढ सलग बघता आली, जी आधी फोनवर मागून तुटक तुटक मिळायची.

जे सुधारलं नाही तेही सांगायला हवं. सी-बँडला मुसळधार पावसाच्या मागचं कमी दिसतं, पाऊसच सिग्नल खातो. फेजवरून दुरुस्ती करता येते, पण रडारच्या डोक्यावरच जोराचा पाऊस असेल तेव्हा ती अपुरी पडते, त्यावर मोडच्या आखणीत उत्तर नाही.

परत करायचं झालं तर

सगळ्यात मोठी उणीव पुढच्या एप्रिल-मे मध्ये दिसली. ही आखणी पूर्ण पावसाळा डोळ्यासमोर ठेवून केली होती. वळवाचे ढग वेगळे, ते घाटमाथ्याच्या पलीकडे वाढतात आणि १२ किलोमीटरच्या वर सहज जातात. आमचे २ अंशांपासूनचे सगळे कोन १२५ किमीला थांबत होते, त्यामुळे त्यापुढच्या वळवाच्या ढगाचा फक्त खालचा भाग दिसायचा आणि गारा देणारा वरचा भाग नकाशात नसायचा. फोरकास्टरनी हे पहिल्या बैठकीत बोलून दाखवलं होतं, पण तेव्हा सगळं बोलणं ५०० किमीच्या वादात अडकलं आणि हा मुद्दा तिथेच राहिला. दोन ऋतूंसाठी दोन आखण्या तेव्हाच करायला हव्या होत्या. आता वळवाच्या आखणीत २ आणि ३ अंशांवरही ६०० हर्ट्झची चक्कर आहे. त्या दोन चकरांचे सेकंद मोकळ्या जागेतून आणि मधल्या जास्तीच्या स्कॅनमधून घेतले, आरएचआय त्या दोन महिन्यांत बंद. आखणी तारखेने बदलत नाही, फोरकास्टर आणि मेंटेनन्स दोघांनी सही केली की बदलते, आणि बदलल्यावर पहिल्या तासात बर्डबाथ घेऊन दोन्ही पल्सचे आकडे वहीत लिहिले जातात.

दुसरं म्हणजे सॅम्पल निम्मे केले तेव्हाच कोणी तरी डेटाच्या गुणवत्तेचा एक आलेख रोज काढायला हवा होता. झेडडीआरचा विखुरलेपणा, दोन पोलरायझेशनमधला सहसंबंध, एवढं रोज बघितलं असतं तर जुलैची वाट बघावी लागली नसती. तो आलेख आता रोज सकाळी निघतो आणि ड्युटी बदलताना दोन्ही शिफ्ट तो एकत्र बघतात.